वासूची कळशी

माझा धाकटा भाऊ वासुदेव गेल्या महिन्यात वारला. त्याच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं. त्याने विचारलं, "हे पाणी आपल्या विहिरीचं काय गे?" मी म्हटलं, "टँकरचं. पी." तो प्यायला... मरणाऱ्याशी गोड बोलावं म्हणतात. मला ते जमलं नाही.

डिचोलीजवळच्या या घरात आम्ही वाढलो. मी चौथीनंतर शाळा सोडली, लग्नही केलं नाही. वासू इंजिनियर झाला आणि घरामागच्याच डोंगरावरच्या खाणीचा मॅनेजर झाला. कामात तो हुशार होता, हे मी नाकारणार नाही. आधीच्या मॅनेजरच्या काळात पंप सारखे बिघडायचे, खाणीचा खड्डा पाण्याने तुंबायचा आणि आमची विहीर मे महिन्यातही भरलेली असायची. वासूने सगळं ताळ्यावर आणलं. पंप रात्रंदिवस चालू लागले. खड्डा खोल गेला, त्याच्यामागून विहिरीचं पाणीही खाली गेलं.

वाडीतली माणसं त्याला घाबरून माझ्याकडे यायची. शेजारची शेवंती म्हणाली, तुझा भाऊ जरा आळशी असता तर माझे माड वाचले असते. मी जेवण वाढताना त्याला तसंच सांगितलं. तो म्हणाला, विहिरी आटल्याचं त्याने कंपनीतल्या वरच्या साहेबांना दोनदा कळवलं होतं. ते इथे कधी आलेच नव्हते. मग नोकरी सोड, मी म्हटलं.

"बाय, मी सोडलंय तर दुसरो खणतलो. मी आसंय म्हणान टँकर तरी येता."

"आणि तू नसलास की?"



घरी आला की तो आधी विहिरीवर जायचा, कळशी आत सोडायचा. ती तळाच्या दगडावर आपटली की वर ओढायचा आणि घरात यायचा.

टँकर अजून येतो. ड्रायव्हर म्हणाला, "माई, बंद करूक कोणी सांगूक नाय. सायबाची खुर्ची अजून रिकामी आसा." मी कुठे चौकशी करत नाही. त्या खुर्चीवर वासूसारखा हुशार माणूस बसला, की हा टँकर त्याच्या नजरेतून सुटणार नाही.

परवा भांडी कमी पडली, म्हणून विहिरीवरची कळशी दोरीतून सोडवून आणली. आपटून आपटून बूड चेपलंय, पण गळत नाही. आता तिच्यातही टँकरचंच पाणी आहे.