छातीच्या उंचीवरची पेटी

किनाऱ्यालगतच्या दलदलीतल्या जंगलात कोरडेसाहेबांची सगळी हयात नोकरीत गेली, पण त्यांच्या बुटाला कधी चिखल लागला नाही. कोरडे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते हाताखालच्यांनी बहाल केलेलं, आणि योग्यच केलेलं.

समुद्राचं खारं पाणी आत शिरून मेलेली झाडं त्या दलदलीत अजून उभी होती. खालच्या कुजक्या चिखलात मिथेन वायू तयार होतो, खोडातून वर चढतो आणि सालीतून हवेत सुटतो, आधीच तापलेल्या जगाला आणखी तापवायला. तो किती सुटतो हे मोजणं साहेबांचं काम. खोडाला पारदर्शक पेटी पट्ट्याने आवळायची, कडा पुट्टीने लिंपायच्या आणि आत साठलेली हवा यंत्राला द्यायची. पेटी बांधायची ती बुंध्याशी, चिखलाच्या जरा वर, कारण जास्त वायू तिथेच सुटतो. हे साहेब नव्या लोकांना फळ्यावर चित्र काढून शिकवत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! स्वतः मात्र लाकडी पायवाटेवर उभे राहायचे आणि छातीच्या उंचीला पेटी बांधून मोकळे व्हायचे. वाकलं की गुडघे कुरकुरतात, उतरलं की बूट खराब होतात. जगाचं काय, ते तापतंच आहे.

वर्षानुवर्षं आकडे नगण्य येत राहिले. वरचे खूश, गाव खूश. आपलं जंगल किती निर्मळ, म्हणून सत्कार झाला आणि त्याचा फोटो कार्यालयात लागला. फोटोतही बूट चकचकीत होते.

पुढे साहेबांची धाकटी लेक त्याच कार्यालयात उमेदवारीवर लागली. काम पसंत पडलं तर कायम होणार होती. बापाच्या फळ्यावरच्या चित्रावर तिचा भाबडा विश्वास. ती मांडीभर चिखलात उतरली, पेट्या बुंध्याशी बांधल्या आणि आकडे असे उसळले की यंत्र बिघडलं असं सगळ्यांना वाटलं. यंत्र तपासलं तर ते ठणठणीत. मग संशय पोरीवर आला.

कार्यालयाच्या प्रमुख बाईंनी बापलेकीला समोर बसवलं. "एवढा फरक कसा? ही चुकत असेल तर मला हिला ठेवता येणार नाही."

"मी बाबांनी शिकवलं तसंच मोजलंय," लेक म्हणाली. "हो ना, बाबा?"

किती सोपा प्रश्न! 'मी वर बांधायचो' एवढंच म्हणायचं होतं. पण साहेबांना लेकीपेक्षा भिंतीवरचा फोटो जवळचा वाटला. थू त्या फोटोवर!

"नवीन आहे, हात कच्चा आहे," ते म्हणाले. "पुट्टी नीट बसत नसेल."

लेक ओशाळली. तिला ते खरंच वाटलं. "मग उद्या मला दाखवाल का, बाबा? मी शिकेन."

"मीही येते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिघं पायवाटेवर उभी राहिली. साहेब पुट्टीवर व्याख्यान देऊ लागले. कडा कशी दाबावी, हवा कशी अडवावी, अंगठा कुठे ठेवावा. बोलता बोलता त्यांनी पेटी खोडाला लावली, पट्टा आवळला, वर एक थाप मारली आणि मागे वळले. पेटी छातीच्या उंचीला होती. जन्मभराची सवय, हात आपोआप तिथे गेले.

बाईंनी पेटीकडे पाहिलं, मग साहेबांच्या बुटांकडे.

"तुम्ही नेहमी इथेच बांधायचात?" लेकीने विचारलं.

"गुडघे गं..." साहेब पुटपुटले.

"गुडघे दुखतात म्हणाला असतात, तर तुमच्या वाटच्या चिखलातही मी उतरले असते. मला खोटं का पाडलंत?"

ती पायवाटेवरून खाली चिखलात उतरली, बुंध्याशी वाकली आणि वर न बघता हात पुढे केला.

"ती पेटी सोडून इकडे द्या," ती म्हणाली. "पट्टापण द्या, साहेब."