सांगलीचं पाणी

हे मी आजवर कोणापाशीच बोललो नाही. बायकोपाशी बोलायला हवं होतं — एकदा तोंड उघडलंही होतं, पण तिनं मान वर करून पाहिलं आणि मी आमटीत मीठ कमी आहे असं काहीतरी म्हणून मोकळा झालो. ती गेली त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मुलगा दूर असतो. दिवसभरात दूधवाल्याशी दोन शब्द होतात, तेवढंच बोलणं. तेव्हा तुम्हालाच सांगतो. मधेच उठून गेलात तरी मी काही म्हणणार नाही.

लढाई नुकतीच संपली होती. मी साताऱ्याच्या एका शाळेत ड्रिलमास्तर होतो. मुंबई इलाखा आणि दक्षिणेकडची संस्थानं मिळून मोठे खेळ भरवायचं ठरलं — कुस्ती, हुतूतू, खो-खो, धावणं, सगळं एकाच गावात. लढाईपायी जगाचं ऑलिंपिक दोनदा बुडालेलं, आणि आता ते लंडनला भरणार अशी बातमी होती. त्यामुळे पोरं आमच्या या खेळांनाही हौसेनं ऑलिंपिकच म्हणायची. यजमानपद मागणारी गावं शेवटी दोन उरली. सातारा आणि सांगली. दोन्ही पाहून निवड करायला खेळांच्या मंडळाची माणसं येणार होती.

आमच्या गावाला ते झेपणारं होतं का? खरं सांगू — नव्हतं. धान्य रेशनवर. शेकड्यांनी पोरं येणार, त्यांना जेवायला काय घालणार? रॉकेल मिळेना. रेल्वेचं स्टेशन गावापासून लांब. डोंगराच्या पायथ्याशी धावायला सपाट जागा शोधताना आम्ही दमून गेलो. गावातली चार शहाणी माणसं म्हणत होती, लोकांना ज्वारी मिळंना आणि तुम्हाला खेळ कसले सुचतात? त्यांचं काय चुकत होतं? पण मी पेटलो होतो. शाळेत मला कोणी फारसं विचारत नसे. हे जमलं तर विचारतील, असं वाटायचं.

सांगलीकडून गणू होता. गणू माझा मित्र. मुंबईला शारीरिक शिक्षणाच्या वर्गात आम्ही एका खोलीत राहिलो होतो. मला ताप आला तेव्हा त्यानं माझं अंथरूण धुतलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो.

पाहणीच्या आधी मी सांगलीला गेलो तेव्हा तो मैदानावर उघड्या अंगानं रोलर ओढत होता. तालमीतली पोरं, पेन्शनीत निघालेले शिपाई, कोण कोण राबत होतं. गणूची बायको सगळ्यांना भाकरी वाढत होती. नदी जवळ, जमीन सपाट, रेल्वे गावात. बघता बघता मला कळून चुकलं की आपण हरलो.

"लेका, तोंड का पाडतुयास?" गणू म्हणाला. "हितं झालं तर तू ये पंच म्हनून. तितं झालं तर मी यीन. लय झकास हुईल गड्या!"

मैदानाच्या कडेला विहीर होती. तिथं नारायण उभा होता — गणूचा लहानपणापासूनचा जोडीदार, दवाखान्यात कंपाउंडर. तो विहिरीत लाल औषध टाकत होता. एवढी माणसं पाणी पिणार, आधीच काळजी घेतलेली बरी, असं त्यानं मला समजावलं. माणूस तसा तिरसट. संडास विहिरीपासून आणखी लांब खणा म्हणून तो त्याच दिवशी सांगलीच्या कमिटीवाल्यांशी कडाक्यानं भांडला होता.

मग पाहणीची माणसं आली. दोघे होते. आधी सांगली पाहिली, मग आमच्याकडे आले. आमचं सगळं बघून त्यांनी कौतुक केलं — पण ते कौतुक कसलं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. आजाऱ्याला म्हणतात ना, चेहरा बरा दिसतोय. तसलं.

त्यांना स्टेशनवर पोचवायला मी टांग्यातून गेलो. दोघांतले जे वयस्कर होते ते वाटेत म्हणाले, "मास्तर, तुमचं सांगलीला जाणं-येणं असतं. तिथलं पाणी कसं आहे हो? पोराबाळांचा प्रश्न आहे."

मी काय म्हणालो? आधी म्हणालो, पाणी चांगलं आहे. मग म्हणालो — विहिरीत औषध टाकताना मात्र मी पाहिलं. इथवर खरं होतं. इथं थांबलो असतो तरी...

थांबलो नाही. म्हणालो, "पटकीच्या दोन-तीन केशी झाल्या म्हणतात. दाबून ठेवलंय. माझं नाव कुठं घेऊ नका."

सांगलीत पटकी नव्हती, कॉलऱ्याचं नावही नव्हतं. एकही माणूस आजारी नव्हता. कोणी मला तसं म्हणालं नव्हतं. ते मी तिथल्या तिथं, टांग्यात बसून रचलं. आणि रचताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

खेळ साताऱ्याला मिळाले. शाळेत मला हार घातला. सांगलीला एवढंच कळवलं गेलं, की तिथलं पाणी धोक्याचं असल्याचं माहितगार माणसाकडून समजलं आहे.

माहितगार म्हणजे कोण? सांगलीकरांनी विचार केला. औषध कोण टाकत होतं? कमिटीशी कोण भांडलं होतं? नारायण. त्यानं शपथा घेतल्या. कोणी ऐकलं नाही. तालमीत त्याच्याशी बोलणं बंद झालं. शेवटी त्यानं ती नोकरी सोडून दुसरी धरली आणि बायको-मुलांना घेऊन माणदेशात दहिवडीला गेला.

गणू मात्र शब्दाला जागला. खेळांना आला, आमच्या घरी उतरला, आमच्या मैदानावर राबला. एका दुपारी हातपाय धुऊन ओट्यावर बसला होता. म्हणाला, "हरल्याचं काय न्हाई रं. पर नाऱ्यानं असं करावं? एका ताटात जेवलोय आमी." त्याचे डोळे भरले होते. मी त्याला पंचा दिला. पंचा दिला, दुसरं काही दिलं नाही.

पुढं एकदा शाळेची पोरं घेऊन दहिवडीला गेलो. नारायण रस्त्यात भेटला, हात धरून घरी घेऊन गेला. चहा झाल्यावर बायको आत गेलेली पाहून हळूच म्हणाला, "मास्तर, म्या तसं काय बी बोललो न्हाई. गणू तुमचं ऐकतो. तेवढं सांगा की त्येला."

"सांगतो," मी म्हणालो.

त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. मी ते काढून घेतले नाहीत.

गणू त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. दिवाळीला भेटायचा. दर वेळी वाटायचं, आज सांगावं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? नारायण बोलला नाही म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला — मग कोण बोललं? हळूहळू मीच त्याच्याकडे जाणं कमी केलं. माणसांत बसलो की वाटायचं, यांना ठाऊक नाही म्हणून हे माझ्याशी हसतायत. मग माणसंही टाळू लागलो.

गणू गेला तेव्हा सांगलीला गेलो. जुना दोस्त म्हणून त्याच्या मुलानं मला पुढं बोलावलं, खांदा द्यायला. नारायणही आला होता. पार म्हातारा झालेला. तो पुढं झाला, तशी तालमीतल्या कोणीतरी त्याला छातीवर हात ठेवून मागं सारलं. तो चपला हातात घेऊन सगळ्यांच्या मागून चालत राहिला. घाटावर माणसं पांगली, तरी लांब उभा होता. जाताना माझ्यापाशी आला आणि विचारलं, "सांगितलं व्हतं नव्हं तुमी त्येला?"

मी हो म्हणालो.