पट्टी लावून मारलेली रेघ

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात म्हैस विकणारा, घेणारा आणि मधला दलाल असे तिघे मिळून ज्याच्या टेबलापुढं उभे राहतात, तो रंभाजी भिंगारदिवे. शेजारच्या दोन टेबलांवरचे पावतीवाले माशा मारत बसले असले तरी लोकांना पावती हवी ती रंभाजीच्याच हातची. कारण त्याचं अक्षर. फार कौतुक करत नाही, ते वाचता येतं एवढंच सांगतो. आणि सरकारी कागदावर वाचता येणारं अक्षर आजकाल कुठं बघायला मिळतं सांगा. जनावराचा रंग, शिंगांची ठेवण, दात किती, कुठल्या कानाला चीर आहे, हे सगळं तो असं लिहितो की उद्या चोरीचा वाद निघाला तर फौजदारानं पावती वाचावी आणि दावणीतून नेमकी तीच म्हैस सोडून न्यावी.

हे अक्षर बापाचं. बाप सावळेराम, गावच्या शाळेत शिपाई होता. शिक्षण चौथी. त्याची एक गोष्ट आहे आणि ती रंभाजीच्या तोंडून ऐकली नाही असं माणूस वस्तीत सापडणार नाही. धर्मांतराला चार-पाच वर्षं झाली होती. सावळेराम विशीतला, नुकताच नोकरीला चिकटलेला. एका रविवारी शाळा झाडायला गेला आणि कपाटातलं जुनं रजिस्टर त्यानं काढलं, पोरांची नावं शाळेत घालताना लिहितात ते. त्यात स्वतःचं नाव शोधलं. नावापुढं जातीचा रकाना होता आणि त्यात सत्तेचाळीस साली गुरुजीनं लिहिलेलं होतं, 'महार'. सावळेरामानं टेबलावरचा टाक घेतला, पट्टी लावून त्या शब्दावर एक रेघ मारली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'बौद्ध'.

सोमवारी हेडमास्तरांनी बोलावलं. म्हणाले, "सावळेराम, सरकारी दप्तर आहे हे."

"दप्तर सरकारचं आसंल गुरुजी. नाव माझं हाय."

हेडमास्तर भला माणूस. त्यानं वर काही कळवलं नाही आणि सावळेराम त्याच शाळेतून रिटायर झाला.

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात वंदना आटोपली की कुणीतरी म्हणायचंच, "रंभाजी, आण्णांची गोष्ट होऊ द्या." मग हा डावा हात पट्टीसारखा आडवा धरायचा, उजव्या बोटानं हवेत रेघ ओढायचा, आणि समोर बसलेली सगळी लेकरं हात आडवे धरून रेघ ओढायची. सांगता सांगता गडी पन्नाशीला आला पण कंटाळला नाही. सांगताना छाती फुगायची त्याची. फुगू द्या की. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोल्या झाडलेल्या माणसानं एकदा स्वतःची जागा झाडली, तर पोराला अभिमान नको?

पण आता ऐका, ही रेघ कुठं जाऊन अडकली ते.

रंभाजीची थोरली मुलगी प्रज्ञा बारावीला बरे मार्क पाडून बसली. सीईटी दिली, नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात राखीव जागेवर तिचा नंबर लागला. वर्षाची फी सव्वा लाख, पण ती शिष्यवृत्तीतून सरकार भरणार. अट एकच : जात पडताळणीचं प्रमाणपत्र, सप्टेंबरच्या अठ्ठावीस तारखेच्या आत. नाहीतर जागा खुल्या वर्गात गेली आणि पोरगी घरी आली. जातीचा दाखला घरात होता. पडताळणी मात्र कुणाचीच नव्हती. तिची गरज पडेल इतकं शिकलंच कोण होतं? पडताळणीला पुरावा लागतो तो आजोबा-पणजोबाचा, जुना, म्हणजे धर्मांतराच्या आधीचा. आणि असा कागद भिंगारदिव्यांच्या घराण्यात एकच, शाळेतलं ते रजिस्टर. जमीन नव्हती की उतारा असावा, आणि जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींची त्या सालातली पानं वाळवीनं खाल्लेली.

अर्ज गेला आणि पडताळणी समितीचे साहेब चौकशीला गावात आले. शाळेच्या हापिसात आत्ताचे हेडमास्तर, साहेब आणि रंभाजी. पान उघडलं. साहेबांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "ही खाडाखोड कोणी केली?"

हेडमास्तरांनी रंभाजीकडं बघितलं. ते बघणं म्हणजे, गप बस बाबा. कुणालाच काही माहीत नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण रंभाजीला वाटलं, साहेबच विचारतायत, म्हणजे यांनाही गोष्ट ऐकायचीय. आयुष्यात हा प्रश्न त्याला कुणी वाईट मनानं विचारलाच नव्हता. तो खुर्चीत सरळ बसला.

"आमच्या आण्णांनी, साहेब. हितंच शिपाई हुते. पट्टी लावून मारली बघा रेघ."

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्याखाली रंभाजीची सही घेतली. सही पण काय सुरेख केली त्यानं.

बारा दिवसांनी पत्र आलं. लाभार्थ्याच्या कुटुंबातील व्यक्तीनं सरकारी अभिलेखात फेरफार केल्याचं अर्जदाराच्या वडिलांनीच मान्य केलं असल्यानं नोंद संशयास्पद आहे, खुलासा करावा. रंभाजीनं ते दोनदा वाचलं, मग भागिरथीला वाचून दाखवलं. भागिरथी त्याची बायको. कांद्याच्या शेडमध्ये रोजानं कांदा निवडायला जाते. तिनं पदरानं हात पुसले. मग म्हणाली, "तुमाला कुनी सांगितलं हुतं वो बोलायला?"

"त्यांनी इचारलं."

"इचारलं म्हनून? गप बसला आस्ता तर जीब झडली आस्ती का? जल्मभर त्या रेघंचं कवतिक सांगितलं, आता त्याच रेघंनी लेकीचा गळा कापला की."

रंभाजीनं पत्र घडी करून खिशात घातलं. अठ्ठावीस तारखेला सोळा दिवस राहिले होते.

पहिल्यांदा तो बँकेत गेला, शैक्षणिक कर्ज मागायला. मॅनेजर चांगलं बोलला. म्हणाला, देतो की, प्रवेश कायम झाल्याचं कॉलेजचं पत्र आणा. कॉलेजात गेला तर तिथल्या बाई म्हणाल्या, पत्र देतो की, पडताळणी आणा नाहीतर पूर्ण फी भरा. फी भरायलाच तर कर्ज पाहिजे, असं रंभाजी म्हणाला, तेव्हा त्या बाईंनाही वाईट वाटलं, पण वाईट वाटून शिक्का बसत नाही. नगरमध्ये एका ट्रस्टची गरीब मुलांना मदत मिळते असं कळलं. तिथं गेला तर अर्ज जुलैतच बंद झालेले. राहात्याचा मेव्हणा म्हणाला, वीस हजार देतो, जास्त न्हाईत माझ्याकडं. वीस हजारानं सव्वा लाखाचं काय होणार? म्हैस असती तर विकली असती. गंमत बघा, दर शुक्रवारी शे-दीडशे म्हशींचे कागद ज्याच्या हातून होतात, त्याच्या दारात शेळीसुद्धा नाही. बाजारात पावत्या लिहिताना त्याच्या मनात यायचं, ह्या जनावराला रंग, दात, शिंगं सगळ्याचा पुरावा हाय; माझ्या बापाचा तेवढा न्हाई. असल्या विचारात त्यानं एकदा काळ्या म्हशीला तांबडी लिहिलं. दलालानं ती पावती परत आणून दिली आणि म्हणाला, "रंभाजी, घरी जा. तुझं ध्यान न्हाई आज."

घरी गेला तर प्रज्ञा नव्हती. ती आईबरोबर शेडमध्ये गेली होती. संध्याकाळी आली, हात धुतले, पण कांद्याच्या टरफलांचा काळा थर नखात बसला की साबणानं जात नाही. जेवताना सहज म्हणाली, "आप्पा, मी हितल्याच कॉलेजात बीएचा फॉर्म घेऊन आलेय. तिथं पडताळणी लागत न्हाई." रंभाजीला वाटलं, ही भांडली असती तर बरं झालं असतं. त्यानं ताट बाजूला सारलं.

शेवटी सविता शिरसाठ भेटल्या. कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली बसणाऱ्या वकीलबाई, आपल्याच समाजातल्या. त्यांनी रजिस्टराची झेरॉक्स डोळ्याजवळ नेली.

"मामा, रेघ एकच आहे. खालचा शब्द वाचता येतोय. आण्णांनी रागानं गिरवलं असतं तर काही उरलं नसतं. समितीलाही खालचा शब्दच बघायचाय. फक्त वरची रेघ का मारली, हे तुमच्याकडून प्रतिज्ञापत्रावर पाहिजे."

रंभाजीचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी तो आणि प्रज्ञा दहा वाजताच हजर. नेमकी वीज गेलेली, टायपिंगवाल्यांचे कॉम्प्युटर बंद, नोटरी दोनला उठणार. सविताबाई म्हणाल्या, "हातानं लिहिलेलं चालतं. तुमचं अक्षर चांगलं आहे असं म्हणता ना? लिहा."

त्यानं कागद सरळ केला. बाई सांगत गेल्या, तो लिहीत गेला. मी, रंभाजी सावळेराम भिंगारदिवे, वय अमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझे वडील मयत सावळेराम यांनी शाळेत शिपाई पदावर असताना अज्ञानापोटी...

पेन थांबलं.

"अज्ञान न्हाई वो ताई. त्यांना चांगलं कळत हुतं, आपन काय करतोय ते."

"मला माहीत आहे, मामा."

"मग?"

"कळून केलं असं लिहिलं की तो फेरफार ठरतो. मग सगळी नोंदच बाद."

"दुसरा शब्द न्हाई का एखादा?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काल रात्रभर तेच शोधत होते. माझ्याही आजोबांनी असंच काहीतरी केलेलं असणार. दुसरा शब्द नाही."

रंभाजीनं कागदाकडं पाहिलं. बाप त्याला दिसत होता, खाकी शर्टातला, खडूनं पांढरी झालेली बोटं, पाटीवर पोराचा हात धरून अ गिरवून घेणारा. त्या माणसाला अडाणी म्हणायचं, आणि तेही त्यानंच दिलेल्या अक्षरात. रंभाजीला रडू आलं नाही. नुसती लाज वाटली, अंगभर.

"आप्पा, ऱ्हाऊ द्या," प्रज्ञा मागून म्हणाली. "खरंच ऱ्हाऊ द्या. मी बीए करते."

तिनं हात त्याच्या खांद्यावर ठेवला होता. त्याला ती नखं दिसली. त्यानं पेन पुन्हा टेकवलं आणि लिहिलं, 'अज्ञानापोटी, परिणामांची जाणीव नसताना, सदर नोंदीवर रेघ मारली.' शेवटपर्यंत लिहिलं. कुठंही खाडाखोड नाही.

नोटरीनं शिक्का मारण्याआधी कागद लांब धरून पाहिला. "काय अक्षर आहे हो. कुठं शिकलात?"

"वडिलांनी शिकवलं," रंभाजी म्हणाला.

प्रमाणपत्र सव्वीस तारखेला मिळालं. जागा राहिली, फी माफ झाली. प्रज्ञा नगरला हॉस्टेलवर गेली. भागिरथीनं शेडमधल्या सगळ्या बायकांना पेढे वाटले आणि नवऱ्याशी पुन्हा नीट बोलू लागली. सगळं झालं, काही राहिलं नाही.

ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन आला. प्रज्ञा सुट्टी काढून आली होती. वंदना झाली, खीर वाटून झाली, लेकरं पुढं येऊन बसली. काहींनी आधीच डावा हात आडवा धरला होता.

"रंभाजी, आण्णांची गोष्ट होऊ द्या."

रंभाजी उभा राहिला. त्याचा डावा हात निम्म्यापर्यंत वर आला आणि तिथंच थांबला. लेकरं वाट बघत होती. त्यानं प्रज्ञाकडं एकदा पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"लई जुनं झालं आता," तो म्हणाला. "मला नीट आठवत न्हाई."

आणि तो खाली बसला.