सगळीकडे तोच निळा

गायकवाड मॅडम वेबसाइटचं पान दारातून बघायच्या. नवीन पान तयार झालं की खुर्चीवरून उठायचं, चष्मा काढायचा, दारापर्यंत जायचं आणि तिथून उघड्या डोळ्यांनी पडद्याकडे बघत उभं राहायचं. चष्म्याशिवाय त्यांना एक अक्षर दिसत नसे. मी एकदा म्हणालो, मॅडम, वाचायचं तर जवळून ना? तर म्हणाल्या, "माणूस वाचतो नंतर, सर. आधी बघतो, आपण बरोबर घरी आलो का." मग दारातूनच मला रंग बदलायला लावायच्या, आणि मी कुरकुरत बदलायचो.

त्या आमच्या शिक्षण संस्थेत चित्रकला शिकवायच्या. संस्था सेलूची, वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कॉम्प्युटर शिकवतो, आणि त्यांच्याकडे आलं, कारण त्या फलक सुरेख लिहायच्या. गेल्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. हृदयविकाराचं निमित्त झालं. अजूनही रंग निवडताना माझी मान आपोआप दाराकडे वळते, आणि तिथं कुणी नसतं याचं वाईट वाटतं.

आमची जुनी वेबसाइट म्हणजे बारा गावचे बारा पाहुणे होते. सेलूच्या कॉलेजच्या पानाला सोनेरी किनार, पिंगळीच्या शाळेच्या पानावर वरून गुलाबाची फुलं गळायची. आणि सोनपेठच्या मुलींच्या ज्युनियर कॉलेजचं पान कुणी करून दिलं होतं देव जाणे, त्यावर संस्थेचं नावसुद्धा नव्हतं. मॅडमनी हे सगळं मोडलं. वरची नावाची पट्टी, रंग, अक्षराचं वळण, खालचा पत्ता हे सर्व्हरवर एकाच फाइलमध्ये ठेवायचं आणि प्रत्येक पानानं तिथूनच घ्यायचं, असं आम्ही ठरवलं. निळा रंग त्यांनी निवडला. "आता चूल एकच," त्या म्हणायच्या. "मीठ एकदाच टाकायचं. म्हणून तर जपून टाकायचं."

त्यांचा खरा जीव होता सोनपेठवर. तिथला अकरावीचा वर्ग भरत नव्हता आणि संस्था तो बंद करायच्या विचारात होती. गंगेकाठच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या, खेड्यांतल्या मुली एसटीनं सोनपेठपर्यंत येऊ शकत. सेलूला त्यांना कुणी पाठवत नसे. वर्ग बंद झाला की त्यांची शाळा दहावीलाच संपणार, हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं, कारण त्या स्वतः तिकडच्याच. बाप लोक आता मोबाईलवर कॉलेज बघतात, पान अनाथासारखं दिसलं तर पोरगी कोण पाठवेल, असं त्या मला पुन्हा पुन्हा सांगायच्या. सोनपेठच्या पानावर संस्थेची निळी पट्टी चढली त्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफला चहा पाजला.

मग आला सचिवांचा वाढदिवस. मॅडम भाच्याच्या लग्नाला गेलेल्या आणि मी परीक्षेच्या कामात. ऑफिसातल्या एका उत्साही क्लार्कनं सचिवांचा हात जोडलेला फोटो आणि हार्दिक शुभेच्छा थेट त्या एका फाइलमध्येच चढवल्या. झालं. प्रत्येक पानावर साहेब हसायला लागले. त्याच आठवड्यात आमचे एक जुने मुख्याध्यापक वारले होते; त्यांच्या भावपूर्ण श्रद्धांजलीच्या डोक्यावरही साहेब हसत होते. अर्ध्या सेलूनं ते मोबाईलवर एकमेकांना पाठवलं, मोंढ्याच्या बाजारात तर दुसरा विषय नव्हता. मला हसू आवरेना. मॅडम मात्र हसल्या नाहीत. हे कुणावर शेकणार ते त्यांना कळलं होतं.

सचिवांनी आम्हाला बोलावलं. पानं पुन्हा वेगवेगळी करा, ज्याचं त्याला, असा हुकूम झाला. आणि सोनपेठ पहिलं काढा, तो वर्ग नाहीतरी बंदच व्हायचाय. मॅडम एरवी साहेबांपुढे अगदी पुस्तकी बोलायच्या. त्या दिवशी त्यांची बोली गावाकडे गेली.

"शुभेच्छा काढते, साहेब. सोनपेठ न्हाई काढणार."

"मग तुम्हीच जा सोनपेठला."

"कधी रुजू होऊ?" मॅडमनी विचारलं.

बदलीचा कागद खरंच निघाला. मी एकटा उरलो, आणि पानं वेगळी करायचं काम आज करू, उद्या करू म्हणत लांबवत राहिलो. फोटो काढून टाकल्यावर साहेबांचा राग निवला आणि त्यांनी वेबसाइट पुन्हा उघडूनही बघितली नाही. निळा तसाच राहिला.

त्याच वर्षी जूनमध्ये, प्रवेश सुरू झाल्यावर, मॅडमचा फोन आला. एक बाप सकाळपासून फाटकाबाहेर उभा होता, आत यायला तयार नाही. मॅडमच बाहेर गेल्या. त्यानं मोबाईल पुढे केला. "बाई, हितं निळं हाय आन् तुमची पाटी पिवळी. मला तर ह्ये दुसरंच वाटायलंय." समजावलं तरी तो माघारी गेला. संस्थेकडे रंगाची मागणी करून वाट बघत बसतील तर त्या मॅडम कसल्या? निळ्या रंगाचा डबा आणला, शिडी लावली आणि पाटी स्वतः रंगवली. संस्थेचं नावही त्याच वळणानं लिहिलं. मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन, चष्मा काढून, बघून घेतलं म्हणे.

चार दिवसांनी मॅडमचा पुन्हा फोन. तो बाप परत आला होता. या वेळी मुलगी बरोबर होती, आणि शेजारच्या दोन घरच्या पोरीही. तो मोबाईल वर धरायचा, पाटीकडे बघायचा, पुन्हा मोबाईलकडे. मॅडम व्हरांड्यातून बघत होत्या. त्याला हाक मारायचा धीर त्यांना होईना.

"त्याचं बघणं संपंना, सर," मॅडम फोनवर सांगत होत्या. "आन् पोरी कवाच्याच वर्गात जाऊन बसल्यात."