पांढऱ्या घोडीची हळद

माझी पुतणी उल्का गाडी चालवताना घोड्यांशी बोलते. रस्त्याकडेच्या कुरणात घोडं दिसलं की तिचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, काच खाली होते आणि ती म्हणते, "काय गं बाई, जेवलीस का?" मागची गाडीही थांबते. आयर्लंडची माणसं सोशिक. हॉर्न वाजवत नाहीत. स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून हसतात आणि वाट बघतात.

गेल्या वर्षी मी तिच्याकडे गेलो तो श्रावणाच्या तोंडावर आणि परतलो तो दसरा करून. त्या मुक्कामात पाहिलं ते लिहून ठेवतो आहे, कारण उल्काबद्दल कोणी लिहील असं मला वाटत नाही. ती तशी कुणाच्या लक्षात राहणारी बाई नाही. उंचीने बेताची, आवाजाने बारीक. दुकानात कोणी रांगेत पुढे घुसला तर "असू दे" म्हणणारी. लहानपणी तिच्या ताटातला लाडू भावंडांनी पळवला तरी ती असू देच म्हणायची, आणि आम्ही मोठी माणसं त्याचं कौतुक करायचो.

ती पुण्यात वाढली. आता आयर्लंडातल्या स्लायगोच्या मोठ्या दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. नवरा नरेश नागपूरचा, कॉम्प्युटरवाला. त्याचं ऑफिस डब्लिनला, कालव्याच्या धक्क्यावरच्या काचेच्या इमारतीत. आठवड्यातले काही दिवस तो आगगाडीने तिकडे जातो, उरलेले दिवस माडीवर दार लावून काम करतो. घर गावाबाहेर. समोर एक डोंगर आहे, वर सपाट आणि कडे ताशीव, आपल्याकडच्या गडासारखा. तटबंदी तेवढी नाही. त्या डोंगराखालून दवाखान्याचा रस्ता जातो आणि रस्त्याला लागून चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंतीचं एक कुरण आहे. मॉली तिथे राहते.

मॉली म्हणजे पांढरी घोडी. मान आखूड, पुठ्ठे भरदार, नाकपुड्या गुलाबी. उल्का त्या मुलखात नवी होती, तो हिवाळा तिला फार जड गेला. चार वाजता अंधार पडायचा आणि दिवसभर मराठी शब्द कानावर पडायचा नाही. एके दिवशी कामावरून येताना तिला ती घोडी भिंतीवरून मान काढून उभी दिसली. उल्काने गाडी थांबवली. डब्यात गूळपोळीचा तुकडा उरला होता, तो दिला. दुसऱ्या दिवशी उरवून आणला. मग तर रोज एक पोळी घोडीच्या नावाने जास्तीची लाटली जाऊ लागली.

एकदा भिंतीमागून घोडीचा मालक उभा राहिला. डेक्लन त्याचं नाव. पन्नाशीचा, लाल मानेचा, डोक्यावर चिखलाने माखलेली टोपी.

"माझ्या घोडीला काय चारतेस?"

उल्का इतकी घाबरली की तिने पाककृतीच सांगितली. गव्हाचं पीठ, तूप, गूळ, थोडी वेलची.

डेक्लन तिच्याकडे बघत राहिला आणि मग हसत सुटला. "माझ्या बायकोने मला कधी इतकं चांगलं खायला घातलं नाही. हे बघ, चारायचं असेल तर लीदही काढावी लागेल. रविवारी ये."

उल्का गेली. त्या रविवारापासून ती डेक्लनच्या तबेल्याची झाली. लीद काढायची, गवत टाकायची, खरारा करायची, आणि बदल्यात डेक्लन तिला बसायला शिकवायचा. चाळिशी उलटलेली बाई! पडायची, उठायची. डेक्लन तिच्यावर कधी आवाज चढवत नसे. ती पडली की विचारायचा, "जमीन अजून जागेवर आहे ना? मग ग्रँड, झकास. बस पुन्हा." हे सगळं मी मुद्दाम लिहितो आहे. पुढचं वाचल्यावर तुम्हाला तो माणूस वाईट वाटेल, आणि तो नुसता वाईट नव्हता.

तरुणपणी डेक्लन अमेरिकेत राहिला होता. तिथून त्याने एक खेळ आणला, पिंपांची शर्यत. मैदानात तीन रिकामी पिंपं तिकोन करून ठेवतात. घोडं भरधाव येतं, प्रत्येक पिंपाला अगदी घासून वळसा घालतं आणि आलं तसं बाहेर पळतं. सगळा मामला घड्याळाशी. आयर्लंडमध्ये हा खेळ थोडेच लोक खेळतात, पण जे खेळतात त्यांना दुसरं काही सुचत नाही. मॉली ही डेक्लनची त्या खेळातली सगळ्यात चांगली घोडी. ऑगस्टअखेरच्या स्पर्धेत ती चांगली पळाली, तर परदेशातला एक शर्यतवाला तिला घेऊन जाणार होता. तिकडे ती दर आठवड्याला पळणार, पाय निकामी होईपर्यंत. उल्काला हे ठाऊक होतं. ती त्यावर बोलत नसे, पण पोळ्या आता दोन लाटायची.

स्पर्धा जवळ आली तसा डेक्लन बदलला. मी उल्काबरोबर तबेल्यात जायचो, तेव्हा कुंपणावर हात ठेवून बघायचो. मॉली मान वर करू नये म्हणून तो तिच्या नाकावरून पातळ तारेची म्होरकी ओढून छातीशी बांधायचा. वळणावर ती रुंद गेली की लगामाला असा झटका द्यायचा की तिचं तोंड उघडं पडायचं. स्वतःच्या बुटांच्या टाचेला काटेरी चकत्या लावलेल्या. आपल्याकडे शर्यतीच्या बैलाला पराणीची आर टोचतात, तसलाच प्रकार. एकाच पिंपाभोवती तो तिला फिरवत राहायचा, घामाचा फेस होईस्तोवर. शेवटी शेवटी घोडी मैदानाच्या फाटकातच अडून बसायची. तिला आत ओढावं लागायचं.

"तिला दुखत असेल," उल्का एकदा म्हणाली.

"तिला काम कळतं," डेक्लन म्हणाला. "मला शिकवलं त्याने असंच शिकवलं. लाड केलेलं घोडं पळत नाही, उल्का."

उल्काने घमेलं उचललं आणि ती लीद काढायला गेली. घरी आल्यावर नरेशने मात्र धरलं.

"बोलत का नाहीस तू त्या माणसाला? रोज घरी येऊन रडून राहिली आमच्यासमोर."

"बोलले आणि उद्यापासून येऊ नको म्हणाला तर? मग मॉलीला बघणार कोण?"

"आणि असं नुसतं बघून काय होऊन राहिलं?"

"असू दे," उल्का म्हणाली आणि भांडी घासायला लागली. स्वच्छ भांडी.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तिकडे अजून लख्ख ऊन होतं. डेक्लन घोडी न्यायच्या ट्रेलरच्या चाकांत हवा भरायला गेला होता. मी शेजारी उभा होतो. उल्का मॉलीला खरारा करत होती आणि तिच्या हाताला पांढरी भुकटी लागली. खडूची. तिने केस बाजूला केले. टाच लागते त्या जागी, दोन्ही कुशींवर, कातडी फाटून ओली झाली होती. वरून खडू चोळला होता, दिसू नये म्हणून.

तिने खरारा खाली ठेवला. मला गाडीत घालून ती घरी आली. फार्मासिस्ट बाई, घरात औषधांचं कपाट भरलेलं. पण तिचा हात गेला तो हळदीच्या डब्यावर. नरेशच्या आईने पाठवलेली वायगावची हळद, रंगाला जबरदस्त. तिने खोबरेल तेल कोमट केलं, त्यात ती कालवली आणि परत जाऊन दोन्ही कुशींना लेप दिला. घोडी आधी थरारली, मग तिने मान खाली सोडली. वरून झूल घालून आम्ही घरी आलो. आईने तिच्या गुडघ्याला, आजीने आईच्या गुडघ्याला लावली तशी तिने लावली. तिच्या मनात आणखी काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काउंटीत पावसाची रिपरिप होती. मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये मैदान, बाहेर ट्रेलरांची रांग, चहाची टपरी. नरेशही आमच्याबरोबर आला होता. डेक्लनने मॉलीला उतरवलं आणि झूल काढली.

पांढऱ्याशुभ्र घोडीच्या दोन्ही कुशींवर भाकरीएवढे पिवळेधमक गोळे.

"हे काय केलंस?" डेक्लन ओरडला.

"हळद. जखमेला." उल्काचा चेहरा पडला. "माझ्या लक्षातच आलं नाही की रंग..."

डेक्लनने बादली आणली, साबण आणला आणि घासायला लागला.

"साबण नको!" उल्का आणि मी एकदमच ओरडलो. पण त्याला कोण सांगणार! आपल्याकडे पोरीबाळींना कळतं ते त्याला ठाऊक नव्हतं. हळदीला साबण लागला आणि पिवळ्याचं लालभडक झालं. फेस लाल, पाणी लाल. रांगेतली माणसं वळून बघू लागली. घोडी रक्ताने न्हाली आहे असंच कुणालाही वाटावं.

"आई गं," नरेश पुटपुटला, "हळदीकुंकूच झालं हिचं."

तेवढ्यात स्पर्धेच्या पशुवैद्य बाई आल्या. हिरवा रेनकोट, पांढरे केस, गळ्यात दुर्बिणीसारखा लोंबणारा चष्मा. घोड्यांची तपासणी करण्याचं काम त्यांचं. पाण्याने लाली उतरून पुन्हा पिवळं उरलं होतं.

"हे काय आहे?"

डेक्लनने साबण बादलीत टाकला. मग हसून म्हणाला, "हिच्या धर्मातलं आहे. आशीर्वाद. आपली घोडी जिंकावी म्हणून पूजा केली बिचारीने. हो ना गं उल्का?"

बाईंचा चेहरा उजळला. "अरे वा! किती सुंदर!" त्या उल्काकडे वळल्या. "खरंच? घोड्याची पूजा करता तुम्ही?"

खोटंही नव्हतं ते. दसऱ्याला आपण घोड्याला हळदकुंकू वाहतोच. खंडोबाचा घोडा तर भंडाऱ्यात न्हातो. एक 'हो' म्हटलं असतं की संपलं. डेक्लनचा तबेला शाबूत, उल्काचे रविवार शाबूत, आणि मॉली मैदानात जाऊन, जिंकून, त्या शर्यतवाल्याच्या गाडीत.

"हो म्हणून टाक," नरेश हळूच मराठीत म्हणाला. घरी भांडलेला तोच नरेश. गर्दी बघून माणसाचं तसं होतं.

उल्का मॉलीच्या आयाळीतून बोटं फिरवत राहिली. बाई ते हो समजून निघाल्याच होत्या. डेक्लनने सुटकेचा श्वास सोडला आणि मॉलीवर खोगीर टाकून त्याचा तंग आवळायला हात घातला. हात कुशीजवळ येताच घोडीने कान मागे पाडले आणि सगळं अंग चोरलं. उल्कापासून लांब नाही, उल्काच्या मागे. एवढं मोठं जनावर त्या एवढ्याशा बाईच्या मागे लपायला बघत होतं.

"पूजा करतो आम्ही," उल्का म्हणाली. तिचा तो बारीक आवाज, पण सगळ्यांना ऐकू गेला. "हळद आम्ही पूजेलाही लावतो आणि जखमेलाही. ही जखमेची आहे."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बोटांनी केस बाजूला केले. एका कुशीवर, मग दुसऱ्या. त्यांनी नाकावरून म्होरकीची जागाही चाचपून पाहिली.

मॉली त्या दिवशी पळाली नाही. डेक्लनला त्या वर्षापुरती सगळ्याच स्पर्धांतून बंदी झाली. शर्यतवाला चहा पिऊन निघून गेला. डेक्लन मॉलीला ट्रेलरमध्ये चढवून आमच्याकडे न बघताच निघून गेला. घर आल्यावर नरेश एवढंच म्हणाला, "मी हो म्हण म्हणालो ते विसरून जा."

"असू दे," उल्का म्हणाली.

त्यानंतर ती तबेल्यात गेली नाही. दवाखान्यालाही ती लांबच्या रस्त्याने जायला लागली, कुरण दिसू नये म्हणून. पोळ्या मात्र हात चुकून जास्तीच्या लाटायचा. त्या मी खायचो. माझ्या पोटाला तूप सोसेना झालं, पण तिला म्हटलं नाही.

सप्टेंबर सरत आला तेव्हा डेक्लन आमच्या दाराशी आला. टोपी हातात. उल्काने दार उघडलं, आणि दोघंही पावसाकडे बघत उभी राहिली.

"तू दवाखान्यातून यायच्या वेळेला ती भिंतीशी जाऊन उभी राहते," तो म्हणाला. "अंधार पडेपर्यंत. मी बोलावलं तर येत नाही."

"जखम?"

"भरली. तुझ्या त्या पिवळ्या चिखलाने असेल नाहीतर माझ्या औषधाने." मग टोपी चुरगळत म्हणाला, "मी अजूनही म्हणतो, तू तिचे नको तेवढे लाड करतेस. पण तिला विकायला माझा हात होत नाही, आणि तिच्यावर बसायला ती मला देत नाही. तू ये. तूच लागतेस तिला."

"काटे?"

"खिळ्याला टांगलेत."

"तारेची म्होरकी?"

डेक्लनने टोपी डोक्यावर घातली. "तीही टांगतो, बाई. चहा करतेस का आता, की इथेच भिजू?"

दसऱ्याच्या सकाळी आम्ही सगळे तबेल्यात गेलो. उल्काने जिन्सवरच लाल शाल पांघरली होती. तिने मॉलीच्या कपाळावर हळदीचं बोट टेकवलं, वर कुंकू. कुशींवरचा जुना पिवळा अजून फिका फिका दिसत होता. थंडीचे नवे केस खालून वर यायला लागले होते. डेक्लन कुंपणापलीकडे दचकून पुढे झाला.

"आता काय झालं तिला? कुठे लागलंय?"

"कुठे नाही," उल्का म्हणाली. "ही पूजेची."

मग ती घोडीवर बसली आणि मैदानाच्या फाटकाशी आली. तिथे मॉली थबकली. उल्काने ना टाच मारली ना लगाम ओढला. वर बसून ती डोंगराकडे बघत राहिली. डेक्लनने सवयीने खिशातून घड्याळ काढलं होतं, त्याचा अंगठा बटणावर होता. घोडीने फाटकाच्या खांबाला हुंगलं, मागे आमच्याकडे पाहिलं आणि आपण होऊन आत पाऊल टाकलं. पहिल्या पिंपाला तिने चालत वळसा घातला. दुसऱ्यापाशी गवताचा एक झुपका होता, तो खाल्ला. तिसऱ्याकडे जाताना उल्का तिला काहीतरी सांगत होती, कदाचित जेवलीस का असंच.

डेक्लनने घड्याळाकडे पाहिलं, मग घोडीकडे, आणि बटण न दाबताच ते खिशात टाकलं.