मराठी बोलणारा पत्रकार

तो पत्रकार पुन्हा दारात आला तर मी चप्पल काढीन. वय झालंय, पण तेवढं बळ आहे अजून अंगात.

धाकटा भाऊ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आमच्या गुढियारी वस्तीत रुळांच्या बाजूच्या भिंतीला एक भगदाड आहे. पुलाचा फेरा चुकवायला सगळा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, तिथूनच रूळ ओलांडतो. भाऊही रोज कामावर जाताना तेच करायचा. त्या सकाळी एक मालगाडी गेली आणि तिच्या आडून दुसरी आली. पोलिसांनी अपघात अशी नोंद केली. आम्हालाही तेच ठाऊक होतं.

दुपारी तिशीतला एक जण मोबाईल घेऊन आला. मी त्याला बाहेरच्या बाहेर कटवणार होतो, तर तो म्हणाला, "काका, आमी बी घरी मराठीच बोलतो." आमच्या घरातली पोरं मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देतात. मी पाघळलो. शेजारून आलेला चहा त्याला दिला, अल्बममधला फोटो दिला. तो हळू आवाजात विचारत गेला आणि मी मूर्खासारखा बोलत गेलो. भाऊ आठवडाभर गप्प गप्प होता, त्याच्या मुलीचं जमलेलं लग्न गेल्या महिन्यात मोडलं, हे सगळं मीच सांगितलं.

संध्याकाळी बातमी सगळ्यांच्या मोबाईलवर: बेटी का रिश्ता टूटा, पिता ने ट्रेन के आगे कूदकर दी जान. खाली मी दिलेला फोटो. तो तिच्याच साखरपुड्यातला होता, बापाशेजारी ती उभी. तिचा चेहरा झाकायचीही तसदी त्या नालायकाने घेतली नव्हती.

सदर बाजारात एका कापड दुकानाच्या वर त्याचं ऑफिस आहे. मी जाऊन विचारलं, उडी मारली हे तुला कोणी सांगितलं?

"अपघात कोण वाचते, काका? अन् लग्न मोडल्याचं तुमीच तर सांगितलं."

बातमी काढ म्हटलं, तर म्हणे घरच्यांनी नाकारलं अशी दुसरी करून देतो, फक्त मुलीला दोन मिनिटं कॅमेऱ्यासमोर बसवा. मी टेबलावरचा त्याचा माईक उचलून आपटला आणि निघालो. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

घरी पुतणी भिंतीला टेकून बसली होती. पप्पा माझ्यामुळे गेले, एवढंच हिंदीतून म्हणत होती. मी तिला समजावलं, की अगं, त्याची दाढ काढली होती. गाल सुजला होता, तोंड उघडवत नव्हतं, म्हणून तो गप्प होता. दवाखान्यात मीच घेऊन गेलो होतो.

तिने वर पाहिलं. "तो उसको दाढ़ की बात क्यों नहीं बताई, मोठे बाबा?"

सांगायला दाढ फार साधी वाटली होती मला.