कुंकवाचा ठिपका, रंगाचा ठिपका

माझ्या साडूला कामावर मीच लावलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी दया आली तर ती वेळीच आवरता येईल.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. धुळ्याकडून सुरतेला आला आणि काही वर्षं लूमवर होता. तिथल्या खटखटाटाने त्याला कमी ऐकू यायला लागलं, तशी बायको माझ्या मागे लागली. "तुमना शेठले सांगा ना. घरना माणूस शे." घरात आम्ही अहिराणी बोलतो, आणि अहिराणीत बायकोने मागितलेलं मला आजवर नाकारता आलेलं नाही. मराठीत मागितलं असतं तर निदान दोन दिवस विचार केला असता.

आमचं वर्कशॉप सुरतेबाहेर सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत, एका डाइंग मिलच्या मागच्या गल्लीत. लोडर, फोर्कलिफ्ट असल्या अवजड गाड्यांचे टॉर्क कन्व्हर्टर आम्ही दुरुस्त करतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे हा असतो. जाड पातेल्यावर तेवढंच दुसरं पातेलं पालथं घालून कड वेल्डिंगने बंद करावी, तसा दिसतो. आत पात्यांची चाकं आणि तेल. एवढं लांब नाव घ्यायचा कंटाळा, म्हणून आमच्याकडे सगळे त्याला डबा म्हणतात. डबा बिघडला की लेथवर त्याची कड कापायची, आतलं झिजलेलं बदलायचं आणि दोन्ही वाट्या होत्या तशाच पुन्हा जोडायच्या. 'होत्या तशाच' यात सगळं आलं. एक वाटी चार बोटं जरी फिरवून बसली, तरी बाहेरून काही कळत नाही. गाडीत फिरायला लागला की मात्र डबा थरथरतो, सील जातं, मग बेअरिंग जातं, आणि शेवटी गिऱ्हाईक जातं. म्हणून कापायच्या आधी दोन्ही वाट्यांवर समोरासमोर पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, एकेक खूण ठोकायची. वाट्या धुऊन झाल्या की त्या खुणेवर मी लाल रंगाचा ठिपका देतो. ही माझी पद्धत. लाल लांबून दिसतो, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं कारण असं, की पंचाची खूण आता मला दिसत नाही, आणि चष्मा मी घरी टीव्हीवर ठेवून येतो.

जोडलेला डबा शेवटी तपासावा लागतो. त्यासाठी कोपऱ्यात एक जुना गिअरबॉक्स तोंड वर करून उभा केलाय. त्याच्या दांड्यावर डबा ठेवायचा आणि हळूहळू फिरवायचा. आत तीन ठिकाणी खाचा जुळतात, म्हणून तो तीनदा खाली उतरतो. ठक्, ठक्, आणि तुमची परीक्षा बघून झाल्यावर तिसरा ठक्. दोन ठोक्यांवर समाधान मानून गाडीत बोल्ट आवळले तर आतला पंप फुटतो. वीसेक वर्षं तो तिसरा ठोका मी तळहाताने ओळखत आलो. आमचे शेठ गुजराती. गिऱ्हाइकाला फोन लावायच्या आधी ते काचेच्या केबिनमधून मान बाहेर काढून मला विचारायचे, "बेसी गयुं?" मी म्हणायचो, "बसला." मग फोन जायचा. माझ्या या एका शब्दावर लोडर हलायचे. घरी माझ्या शब्दावर चहासुद्धा हलत नाही, त्यामुळे त्या 'बसला'ला मी किती जपत असेन, बघा.

आणि साडूने दीड वर्षात काम उचललं.

त्याला ऐकू कमी येतं आणि तळहातावर त्याचा भरवसा नाही, म्हणून तो स्टीलची पट्टी घेऊन यायचा. डबा गिअरबॉक्समध्ये किती खोल उतरला ते मोजायचा आणि आकडा सांगायचा. शेठना आकडा फार आवडला. आकडा फोनवर सांगता येतो. माझा तळहात फोनवर कसा सांगणार? एक दिवस शेठनी मान बाहेर काढली, "बेसी गयुं?" विचारलं, आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. मी "बसला" म्हणालो. शेठ पलीकडेच बघत राहिले. साडूने पट्टी उचलून आकडा सांगितला. फोन गेला.

तेव्हापासून माझ्या छातीत जळजळायला लागलं. डॉक्टरांना मी पित्त सांगितलं. त्यांनी गोळ्या दिल्या, पण गोळ्या साडूला थोड्याच लागू पडणार?

त्यात कोसाडच्या घरून सचिनला मी जातो तो त्याच्याच मोटरसायकलवर, मागे बसून. माझी गाडी गेल्या पावसाळ्यापासून अंगणात ताडपत्रीखाली आहे. ज्या माणसाचा आपण हेवा करतो त्याच्याच पाठीकडे रोज तासभर जाताना आणि तासभर येताना बघायचं, ही शिक्षा कुठल्या कायद्यात आहे मला माहीत नाही. त्याच्या डोक्यावर केसही दाट आहेत. हेल्मेट काढलं की ते तसेच उभे राहतात.

मग दसरा आला. वर्कशॉपला हत्यारांची पूजा असते. शेठ फाफडा-जलेबी आणतात, आम्ही खानदेशी झेंडूच्या माळा बांधतो. त्या दिवशी आमच्या दोघांच्या बायकाही आल्या. माझी मेव्हणी, म्हणजे साडूची बायको, हाताची सढळ. लोखंडावर कोरडं कुंकू राहत नाही म्हणून तिने ते तेलात कालवलं आणि लेथ, वेल्डिंग मशीन, पाने, हातोडे, पंखा, शेठची खुर्ची, जे दिसेल त्याला बोट लावत सुटली. टेबलावर एक उघडलेला डबा होता. चलथाणकडे उसाची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराच्या लोडरचा. हंगाम तोंडावर, म्हणून त्याला घाई. वाट्या धुऊन, माझे लाल ठिपके देऊन मी त्या मांडून ठेवल्या होत्या. मेव्हणीने दोन्ही वाट्यांना कुंकू लावलं.

"दाजी, यांना पण लावलं हं," ती म्हणाली. "हे पण देवच ना तुमचे?"

"लाव, लाव," मी म्हणालो. तोंडात जलेबी होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ टेबलापाशी आले. मी हात पुसत पुढे झालो. शेठ साडूला म्हणाले, "आज डब्बा तुम जोडो. दादा को थोडा आराम दो."

मला आराम! चाळीस किलोचा डबा मी एकट्याने फिरवतो आणि मला आराम! मी "हां हां, जोडू दे ना" असं मोठ्या मनाने म्हणालो आणि लेथपाशी जाऊन स्वच्छ असलेला लेथ पुसायला लागलो. तिथून टेबल दिसतं.

साडू काम करतो ते बघायला आवडावं असं करतो. हेच तर दुःख आहे. आतली चाकं त्याने एकेक करून बसवली, मधलं चाक बोटाने फिरवून ते एकाच दिशेला फिरतंय ना ते बघितलं, आणि वरची वाटी ठेवून ती ठिपक्याला ठिपका येईपर्यंत सरकवली. तेवढ्यात माझी नजर गेली. वाटीवर दोन लाल ठिपके होते. त्याने जुळवलेला ठिपका मळका, फिकट. आणि जरा बाजूला, चांगल्या वीतभर अंतरावर, दुसरा लाल ठिपका कसा चकाकत होता! नवा रंग. माझा रंग.

साडूने बायकोचं कुंकू जुळवलं होतं.

आता इथे शहाणा माणूस काय करतो? हाक मारतो. मी लेथ पुसला. मनात एक गोड उकळी फुटली, ती लपवायला मी खाली वाकून लेथचे पायसुद्धा पुसले. वेल्डर दुपारनंतर येणार होता. आमच्याकडे डब्याचा तोल तपासायचं यंत्र नाही, सगळा भरवसा खुणेवर. म्हणजे हा डबा असाच बंद होणार, लोडरला लागणार, चार दिवसांत थरथरत परत येणार, आणि शेठ मान बाहेर काढून विचारणार. कुणाला विचारणार? मी त्या दिवसाचं माझं तोंड कसं असावं तेही ठरवून टाकलं. फार आनंदी नको. थोडं वाईट वाटल्यासारखं.

दुपारी जेवायला बसलो. साडूने त्याच्या डब्यातली कळण्याची भाकरी मोडली आणि मोठा अर्धा माझ्या पुढ्यात ठेवला.

"दादा, चटणी लसणाची शे. तुमच्यासाठी वेगळी दिली तिने."

"नको, पित्त आहे."

"थोडी खा ना. पित्ताचं काय, ते रोजचंच."

खाल्ली. चटणी उत्तम होती, तीही मला बोचली. लवकर उठावं म्हणून मी घाईघाईने घास गिळायला लागलो. लोडरवर बसणारा ड्रायव्हर डोळ्यांपुढे यायला लागला, ज्याचा माझ्याशी काही संबंध नाही. मग सील, मग बेअरिंग. बेअरिंगचा काय दोष? साडू पाण्याची बाटली पुढे करत म्हणाला, "ठसका लागला का?" मी मान हलवली. तो माणूस माझ्यासाठी पाणी ओततोय, आणि मी त्याच्या फजितीच्या दिवशीचं तोंड ठरवून बसलोय.

वेल्डरने काच डोळ्यांवर ओढली तेव्हा मी ओरडलो, "थांब!"

सगळे थांबले. शेठ केबिनबाहेर आले. आता नुसतं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण सकाळपासून दाबून ठेवलेलं माणूस नुसतं सांगत नाही. मी टेबलापाशी गेलो, कमरेवर हात ठेवला आणि सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल असं म्हणालो, "साडूभाऊ, डबे खुणेवर जोडतात, बायकोच्या कुंकवावर नाही!"

कुणीतरी हसलं. मी चकाकणाऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा रंग आहे. ते तुमचं कुंकू. फिरवा वाटी."

साडूला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही. मला ते पुन्हा, तितक्याच मोठ्याने म्हणावं लागलं. मग त्याने अंगठ्याचं नख माझ्या चकाकणाऱ्या ठिपक्यावरून ओढलं. ठिपका नखाबरोबर निघून आला. खाली लोखंड सपाट, गुळगुळीत. त्याने नख नाकाशी नेलं.

"तिळाचं तेल शे, दादा," तो हळूच म्हणाला.

मग त्याने जुळवलेल्या मळक्या ठिपक्यावर नख फिरवलं. नख अडकलं. त्याने माझा हात धरून माझं नख तिथे नेलं. पंचाची खूण होती. मीच ठोकलेली. खालच्या वाटीवरही तशीच, अगदी समोर. माझा रंग डबीच्या तळातला, जुना, मळका. नवीन डबी आणायची म्हणून मीच दोन महिने टाळत होतो. चकाकत होतं ते तेलातलं कुंकू.

म्हणजे अर्धा दिवस मी नीच माणूस झालो होतो, आणि तेही चुकीच्या ठिपक्यासाठी.

शेठ म्हणाले, "चालो, चालो, वेल्डिंग करो," आणि आत गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे असे बघून गेले, जसं आपण वडिलांना रस्ता ओलांडताना बघतो.

वेल्डिंग झालं, डबा थंड झाला, हवा भरून गळती बघून झाली. संध्याकाळी साडूने तो कोपऱ्यातल्या गिअरबॉक्सवर चढवला. मी शेजारी उभा. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण पाय आपले तिथे जाऊन उभे राहिले. तो फिरवायला लागला. ठक्. ठक्. मग बराच वेळ काही नाही. माझा तळहात खिशात होता आणि खिशातल्या खिशात तो फिरत होता. तिसरा ठक् झाला तो मला पायातून कळला.

शेठनी मान बाहेर काढली. "बेसी गयुं?"

नजर सरळ साडूवर. तो माझं नाव पुढे करेल असं मला उगीच वाटून गेलं. घरचा माणूस ना! त्याने पट्टी लावली, आकडा वाचला, शेठना सांगितला, आणि वर अहिराणीत म्हणाला, "बठना." त्याला तसंच म्हणायचं होतं आणि ते खरं होतं. मीही त्याच वेळी "बसला" म्हणालो. सवयीने. त्याला ऐकू कमी येतं, आणि शेठनी फोन कानाला लावला होता.

घरी त्याच्याच पाठीमागे बसून आलो. अमरोलीच्या पुलावर तो मान वळवून ओरडला, "दादा, उद्या चष्मा आणा!" म्हणजे त्याला राग नव्हता. मला फार वाईट वाटलं. राग असता तर आमचं थोडं तरी फिटलं असतं.

दारात पाऊल ठेवतो तो बायको उभी. तिच्या बहिणीचा फोन आधीच येऊन गेला होता.

"काय व्हयनं मग? कुंकूवरतून भांडणात म्हने?"

"काही नाही. आता मी लाल रंगच बंद करणार आहे. पिवळा आणणार."

"आणि पुढच्या दसऱ्याले तिनी हळद लावी ते?"

हा विचार मी केला नव्हता.

सकाळी मी चष्मा टीव्हीवरून उचलून खिशात ठेवला. अजून डोळ्यांवर नाही, खिशात. बायको स्वयंपाकघरात माझ्या जेवणाच्या डब्याशी झटत होती. त्याची कड चेपलेली आहे, झाकण एका बाजूने उचकतं. तिने तो माझ्यापुढे केला. "बघा बरं, बसस का."

मी झाकण ठेवलं, थोडं डावीकडे फिरवलं, कड जिथे चेपलीय ती जागा तळहाताने शोधली आणि दाबलं. ठक्.

"बसलं," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली आणि डबा पिशवीत ठेवला. "मनी बहिनना नवराना डबाले कश्या चांगल्या क्लिपा शेतस. दाबं की लागस."

बाहेर मोटरसायकलचा हॉर्न वाजला.